नळीवरचं नाव एकच, पण आतलं प्रोटीन तेच का?

मागच्या अंकात इन्सुलिनवर लिहिताना एक ओळ लिहिली होती, की माणसाचं प्रोटीन आता बॅक्टेरियात वाढवून लॅबला छोट्या नळीत मिळतं. त्या एका ओळीवरून इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न घरच्या माणसांचे आहेत आणि बरेचसे लॅबमध्ये नव्यानं पाऊल टाकलेल्या मुलामुलींचे, सगळ्यांची नावं गाळलीत.

प्रश्न : माझी मुलगी संशोधन करते. परवा फोनवर म्हणाली, आज आमचं ह्युमन प्रोटीन आलं. मला रात्रभर तेच डोक्यात. हे माणसाच्या अंगातून काढतात का? कोणाच्या? त्या माणसाला माहीत तरी असतं का? (एक आई)

आई, शांत झोपा, कोणाच्याही अंगातून काही काढलेलं नाहीये. नळीवरचं "ह्युमन" हे रेसिपीबद्दल आहे, म्हणजे प्रोटीनमध्ये अमायनो ॲसिडं ज्या क्रमानं ओवलेली असतात तो क्रम माणसाचा, पण ओवणारे हात दुसऱ्याचे. त्या क्रमाची माहिती जीनमध्ये असते, आणि तो जीन आज मशीनवर रसायनांपासून जुळवून बनवता येतो, मग तो प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्याशा गोल कड्यात बसवायचा आणि ते कडं बॅक्टेरियात सोडायचं. ई. कोलाय हा बॅक्टेरिया चांगलं खायला मिळालं की साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे संध्याकाळी थोडेसे टाकले तर सकाळी फ्लास्क गढूळ, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्याला हवं ते प्रोटीन बनवायला तयार. वेगवेगळ्या ठिकाणचे डीएनए जोडून हे केलं म्हणून रिकॉम्बिनंट.

पहिल्यांदा हे जमलं १९७७ साली, सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनच्या बाबतीत. जेमतेम १४ अमायनो ॲसिडं असलेलं हे हार्मोन, त्याचा जीनसुद्धा माणसातून घेतला नव्हता, केमिस्ट लोकांनी तो लॅबमध्ये जोडून बनवला होता. त्याआधी हेच हार्मोन निसर्गातून काढायला गेले तेव्हा काही मिलिग्रॅमसाठी सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागले होते, आणि बॅक्टेरियांनी तेवढंच काही लिटर द्रवात दिलं. १९७८ ला माणसाचं इन्सुलिन बॅक्टेरियात बनलं, १९८२ ला ते औषध म्हणून मंजूर झालं, तोवर डायबेटिसवाले डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन घेत होते.

तुमच्या मनात आलेली भीती मात्र उगाच नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. एक काळ असा होता की ग्रोथ हार्मोन खरोखरच मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथींमधून काढायचे आणि उंची न वाढणाऱ्या मुलांना टोचायचे. त्यातल्या काही मुलांना मोठेपणी क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा जीवघेणा आजार झाला, दूषित ग्रंथींमधून आलेला. १९८५ मध्ये अमेरिकेत ते वाटप थांबवलं आणि त्याच वर्षी रिकॉम्बिनंट ग्रोथ हार्मोनला मंजुरी मिळाली. मुलीच्या नळीतल्या प्रोटीनमागे असा कोणी माणूस नाही, त्याचं समाधान बाळगा.

प्रश्न : ताई, पीएचडीचं पहिलं वर्ष आहे. १० मायक्रोग्रॅमची व्हायल (प्रोटीनची छोटी बाटली) आली, उजेडात धरून बघितली तर आत काहीच नाही!! गाईड म्हणतात नीट बघ. मी कंपनीला मेल टाकू का की रिकामी पाठवलीत म्हणून? (घाबरलेली)

थांब, मेल नको टाकूस, आणि मुख्य म्हणजे झाकण उघडू नकोस अजून. मिठाचा एक बारीक कण साधारण पन्नास-साठ मायक्रोग्रॅमचा असतो. तुझ्याकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं प्रोटीन आहे आणि तेही फ्रीज-ड्राय होऊन काचेवर किंवा प्लास्टिकवर पातळ पापुद्र्यासारखं पसरलेलं, ते डोळ्याला दिसणारच नाही. काही व्हायलमध्ये पांढरा कापसासारखा गोळा दिसतो, तो बहुतेक वेळा ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉलचा असतो, प्रोटीन जपायला घातलेल्या साखरेचा. तुझ्यात ती घातली नसेल, एवढंच.

आता असं कर. व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ दे, थंडगार उघडलीस तर हवेतलं पाणी आत जमतं. मग मायक्रोफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या छोट्या मशीनमध्ये, वीस-तीस सेकंद फिरव, कारण प्रवासात पापुद्र्याचा तुकडा झाकणाला चिकटलेला असू शकतो आणि झाकण उघडून टिश्यूवर उलटं ठेवलंस की तुझा महिन्याभराचा प्रयोग टिश्यूवर. मग डेटाशीट उघड आणि त्यात कशात विरघळवायला सांगितलंय ते बघ, अंदाजानं पीबीएस, म्हणजे लॅबमधलं नेहमीचं खारट द्रावण, ओतू नकोस, कारण सगळ्यांना पीबीएस चालत नाही. टीजीएफ-बीटा या पेशींना इशारे देणाऱ्या प्रोटीनला तर हायड्रोक्लोरिक ॲसिडचं अगदी पातळ द्रावण लागतं, तेही अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) घातलेलं. तुझ्या १० मायक्रोग्रॅममध्ये १०० मायक्रोलिटर घातलेस की झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सुरुवातीला याहून पातळ करू नकोस. पिपेटची टीप भिंतीला लावून द्रव हळूच सोड, व्हायल तिरकी करून सगळ्या बाजू ओल्या होऊ देत आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेव. व्हॉर्टेक्स मशीनवर जोरात हलवणं नाही, फेस तर अजिबात नाही, फेसाच्या बुडबुड्यावर हवा आणि पाणी जिथं भेटतात तिथं प्रोटीन उलगडतं आणि मग ते परत तसं घडी होत नाही.

पातळ का करू नकोस, तर प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं. जाड द्रावणात थोडं चिकटलं तर कळतही नाही, पण नॅनोग्रॅममध्ये गेलीस की अर्धं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीवरच राहतं आणि आपण म्हणत बसतो की पेशी रिस्पॉन्स देत नाहीत. म्हणून पातळ करताना ०.१ टक्का बीएसए घालतात, म्हणजे गाईचं अल्ब्युमिन, ते आधी जाऊन भिंतीवर बसतं आणि तुझं प्रोटीन मोकळं राहतं. पण तुला जर हे प्रोटीन एलायझाच्या (अँटीबॉडी वापरून प्रोटीन मोजायच्या टेस्टच्या) प्लेटवर कोट करायचं असेल किंवा त्याला रंग जोडायचा असेल तर बीएसए नको, कारण मग रंग जोडला जाईल अल्ब्युमिनलाच, तुझ्या प्रोटीनच्या कितीतरी पट ते असतं. त्यासाठी कॅरियर-फ्री, म्हणजे बीएसए न घातलेलं, मागवायचं, ऑर्डर देतानाच ठरवायचं हे.

उरलेलं त्याच दिवशी छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेव, एका वेळी एकच बाहेर काढायची, वितळली की परत गोठवायची नाही. आणि जो फ्रीजर स्वतःहून बर्फ वितळवतो त्यात ठेवू नकोस, तो आतल्या आत सारखा थोडा गरम थोडा गार होत असतो. ट्यूबवर तारीख आणि लॉट नंबर लिही, न पुसणाऱ्या पेननं.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये एकाच ह्युमन प्रोटीनचे चार प्रकार दिसतात, कोणी ई. कोलायमधलं, कोणी एचईके २९३ मधलं, कोणाला हिज-टॅग, कोणाला एफसी. क्रम जर तोच असेल तर फरक काय पडतो? सीनियर म्हणतात जे लवकर मिळेल ते घे. (लॅबमधला नवा)

सीनियरचा मान ठेवून सांगते, हे ऐकू नका. मला या सगळ्या पत्रांमध्ये सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हाच वाटला, कारण नळीवरच्या नावावर विश्वास टाकून वाया गेलेले प्रयोग मी फार बघितलेत. क्रम म्हणजे नुसता दोरा. दोऱ्याची घडी कशी पडली, त्यात गाठी कुठं बसल्या, वर साखर चढली का, टोकाला काय लोंबतंय, यावर ते प्रोटीन काम करणार की नाही ते ठरतं, आणि या सगळ्या गोष्टी ते कोणाच्या पोटात बनलं त्यावर अवलंबून असतात.

ई. कोलाय भराभर बनवतो, भरपूर बनवतो, पण माणसाच्या पेशीसारखी साखर चढवणं त्याला येत नाही. दुसरं, त्याच्या पेशीच्या आतलं वातावरण असं असतं की सिस्टीन नावाच्या दोन अमायनो ॲसिडांमध्ये पडणारी डायसल्फाइडची गाठ तिथं सहजी टिकत नाही. मग बरीचशी मानवी प्रोटीनं तिथं नीट घडी न होता गोळा होऊन बसतात, इन्क्लूजन बॉडी म्हणतात त्याला. ते गोळे ८ मोलर युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडीनमध्ये विरघळवायचे, म्हणजे दोरा पूर्ण सुटा करायचा, आणि मग हळूहळू युरिया काढत काढत घडी परत पडायची वाट बघायची. कधी नीट पडते, कधी अर्ध्यांचीच पडते, आणि वाईट हे की चुकीच्या घडीचं प्रोटीनसुद्धा, प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर तितकाच सुंदर एकच पट्टा देतं, कारण एसडीएस-पेज या जेलच्या पद्धतीत आपण त्याला उलगडूनच पळवतो. त्यामुळे "शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर" हे वाक्य वाचून खूश होऊ नका, ते म्हणतंय की भेसळ नाही, ते जिवंत आहे असं म्हणत नाहीये.

पण म्हणून ई. कोलायचं सगळंच वाईट असंही नाही. आयएल-२ घ्या, रोगप्रतिकारक पेशींना इशारा देणारं प्रोटीन, १३३ अमायनो ॲसिडांचं, नैसर्गिक आयएल-२ वर थोडी साखर असते, पण ती नसली तरी टी-सेल्स या रोगप्रतिकारक पेशी वाढवण्याचं काम ते करतं. ई. कोलायमध्ये बनलेलं, साखर नसलेलं आयएल-२ औषध म्हणूनही वापरलं जातं, त्यात तर १२५ व्या जागेवरचं सिस्टीन बदलून मुद्दाम सेरीन घातलंय, चुकीची गाठ पडू नये म्हणून. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन, ५३ अमायनो ॲसिडांचं, तीन गाठी, तेही बॅक्टेरियातून बनवून चालतं.

आता एरिथ्रोपोएटिन बघा, ईपीओ, लाल रक्तपेशी बनवायला लावणारं हार्मोन. १६५ अमायनो ॲसिडं, हिशोब केला तर १८ किलोडाल्टनच्या आसपास वजन येतं. एकदा एक विद्यार्थी जेल घेऊन आला माझ्याकडे, चेहरा उतरलेला, म्हणाला कंपनीनं चुकीचं प्रोटीन पाठवलंय, १८ ला काहीच नाही आणि ३५ च्या जवळ एक जाडजूड, कडा फिसकटलेला पट्टा आहे. तो पट्टाच ईपीओ होता! सस्तन प्राण्याच्या पेशीत बनलेलं, चार ठिकाणी साखरेच्या साखळ्या चढलेलं, जवळजवळ ४० टक्के वजन साखरेचंच, आणि प्रत्येक रेणूवर साखर थोडी कमीजास्त म्हणून कडा धूसर. हीच साखर उतरवली तर डिशमधल्या पेशींवर ते काम करतं, पण प्राण्याच्या अंगात टोचलं की रक्तातून भराभर निघून जातं आणि परिणाम दिसत नाही. म्हणजे बघा, तेच प्रोटीन, एका प्रयोगाला चालेल, दुसऱ्याला नाही.

साखर महत्त्वाची असेल, गाठी खूप असतील, किंवा रिसेप्टरचा (पेशीवर इशारा पकडणाऱ्या प्रोटीनचा) पेशीबाहेरचा भाग हवा असेल तर एचईके २९३ किंवा चो सेल्समधलं घ्या. चो म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या ओव्हरीच्या पेशी, १९५७ पासून वापरात. एचईके म्हणजे माणसाच्या भ्रूणाच्या किडनीतून वाढवलेल्या पेशी, १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला बनलेल्या, आणि २९३ हा करणाऱ्याच्या वहीतला प्रयोगाचा नंबर, अजून तोच चिकटलाय. वहीत नंबर टाकत जा हे मुलांना सांगताना मी नेहमी हाच दाखला देते.

टॅगचं थोडक्यात. हिज-टॅग म्हणजे टोकाला सहा हिस्टिडीन, ते निकेलला धरतात म्हणून प्रोटीन निकेलच्या कॉलमवर, म्हणजे गाळायच्या नळीत, अडकतं, आणि वरून इमिडाझोल ओतलं की सुटतं. बहुतेक वेळा हा टॅग त्रास देत नाही, पण तुमचं प्रोटीन ज्या टोकानं रिसेप्टरला भिडतं त्याच टोकाला तो असेल तर देतो, म्हणून टॅग कुठल्या टोकाला आहे ते बघायचं. एफसी मात्र मोठं प्रकरण आहे, अँटीबॉडीची अख्खी शेपटी लावलेली असते, त्यामुळे दोन-दोन रेणू जोडीनं फिरतात आणि मॅक्रोफेजसारख्या जंतू गिळणाऱ्या पेशी त्या शेपटीलाच पकडतात. बाइंडिंग बघायला एफसी छान, पण रोगप्रतिकारक पेशींवर घालणार असाल तर नुसतं एफसी हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, पाहिजेच, त्याशिवाय निकालावर मी तरी सही करणार नाही.

प्रश्न : उंदराच्या पेशींवर ह्युमन सायटोकाइन चालेल का? (एका ओळीचं पत्र)

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना इशारे द्यायला सोडतात ती प्रोटीनं, आणि चालेल का ते कुठलं त्यावर आहे. ह्युमन आयएल-२ आणि आयएल-६ उंदराच्या पेशींवर चालतात. इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-४ आणि जीएम-सीएसएफ चालत नाहीत, उंदराचंच घ्यावं लागतं. टीएनएफचं अर्धवट आहे, ह्युमन टीएनएफ उंदराच्या पहिल्या रिसेप्टरला धरतं, दुसऱ्याला नाही, त्यामुळे काहीतरी परिणाम दिसतो आणि आपण फसतो. उलट दिशेनंही गृहीत धरू नका, ह्युमन आयएल-६ उंदराला चालतं म्हणून उंदराचं माणसाच्या पेशींना चालेल असं नाही, ते चालत नाही.

प्रश्न : मी ह्युमन मोनोसाइट्सवर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींवर) एक नवीन रिकॉम्बिनंट प्रोटीन टाकलं आणि टीएनएफ, आयएल-६ दोन्ही जबरदस्त वाढले. हे आधी कोणी दाखवलेलं नाही! पेपर लिहायला घेऊ का? प्रोटीन ई. कोलायमधलं आहे, आमच्याच लॅबमध्ये प्युरिफाय केलेलं. (उत्साही)

आनंद झाला तुमचं पत्र वाचून आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण या रस्त्यानं मी गेलेय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीचं प्रोटीन घेऊन मी मॅक्रोफेजवर टाकायचे आणि टीएनएफ असं वाढायचं की एलायझाच्या प्लेटवर स्टॉप सोल्यूशन टाकलं की माझ्या रांगा गडद पिवळ्या आणि कंट्रोल अगदी फिक्कट. चार महिने केलं मी ते. डोस वाढवला की टीएनएफ वाढतंय, वेळ वाढवला की वाढतंय, सगळं कसं पुस्तकात असावं तसं. मग एका मीटिंगमध्ये मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारलं, "उकळून बघितलंस का गं?" दुसऱ्या दिवशी प्रोटीन ९५ अंशाला अर्धा तास ठेवलं, पेशींवर टाकलं, प्लेट वाचली. तोच गडद पिवळा रंग. प्रोटीन उकळून मेलेलं होतं आणि पेशींना काहीच फरक पडला नव्हता, कारण चार महिने त्या माझ्या प्रोटीनशी बोलतच नव्हत्या, त्या बोलत होत्या एंडोटॉक्सिनशी. डेटाशीटवर एंडोटॉक्सिनची ओळच नव्हती आणि ती नाहीये हे बघायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून आज एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय.

एंडोटॉक्सिन म्हणजे एलपीएस, ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचाच भाग. बॅक्टेरिया फोडून प्रोटीन काढलं की ते सोबत येणारच, आणि प्रोटीनला चिकटून कॉलममधूनही पार होतं. ते जेलवर प्रोटीनच्या रंगात दिसत नाही, प्रोटीन मोजायच्या २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात दिसत नाही, फिल्टरनं जात नाही, ऑटोक्लेव्हच्या वाफेवर भरवसा ठेवता येत नाही, काचेवरचं घालवायला २५० अंशाच्या कोरड्या ओव्हनमध्ये अर्धा तास लागतो. आणि मोनोसाइट, मॅक्रोफेज हे तर निसर्गानं खास ते ओळखण्यासाठीच बनवलेले, टीएलआर४ नावाचा रिसेप्टर त्यासाठीच त्यांच्या अंगावर असतो.

मोजायला एलएएल टेस्ट असते, हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून बनवलेली, आता तिच्यातला एंडोटॉक्सिन ओळखणारा फॅक्टर सी सुद्धा रिकॉम्बिनंट मिळतो, म्हणजे त्या प्राण्याला त्रास नको. एक एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे ढोबळमानानं ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. आता हिशोब करा, प्रोटीनमध्ये एका मायक्रोग्रॅमला एक युनिट असेल आणि तुम्ही १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टाकत असाल तर पेशींवर मिलिलिटरला ०.०१ नॅनोग्रॅम एलपीएस पडलं, हे एक वेळ बरं. पण घरी प्युरिफाय केलेल्या प्रोटीनमध्ये याच्या शेकडो-हजारो पट असू शकतं, आणि मग तुमचा सगळा रिझल्ट त्याचाच.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. एचएसपी७० या हीट शॉक प्रोटीनबद्दल काही वर्षं असंच मानलं जात होतं की ते मॅक्रोफेजना उठवून टीएनएफ सोडायला लावतं, आणि २००३ मध्ये दाखवलं गेलं की नीट स्वच्छ केलेलं एचएसपी७० तसं करत नाही, करत होतं ते त्यातलं एंडोटॉक्सिन.

तेव्हा पेपर बाजूला ठेवा आणि आधी एलएएल करा. मग उकळलेलं प्रोटीन टाका, पण फक्त त्यावर विसंबू नका, एलपीएस अगदी थोडं असेल तर तेही उकळून थोडं कमजोर होऊ शकतं आणि तुम्हाला वाटेल प्रोटीनचाच गुण होता. पॉलिमिक्सिन-बी घालून बघा, ते एलपीएसला बांधून ठेवतं, सोबत शुद्ध एलपीएसचा कंट्रोल ठेवा म्हणजे पॉलिमिक्सिन काम करतंय हे कळेल. टीएलआर४ बंद करून बघा. रिकामं प्लाझ्मिड असलेला बॅक्टेरिया घेऊन अगदी त्याच पद्धतीनं "प्युरिफाय" करा आणि ते पेशींवर टाका, हा कंट्रोल लोक कंटाळा करून टाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका. आणि जमलं तर एचईके २९३ मध्ये तेच प्रोटीन बनवून घ्या. यातून तुमचं प्रोटीन पार झालं तर मला पुन्हा लिहा, मी मनापासून वाट बघतेय.

प्रश्न : डेटाशीटवर ईडी५० ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं लिहिलंय आणि जुन्या पेपरमध्ये युनिट प्रति मिलिलिटर. मेळ कसा घालायचा? (गणितात अडकलेला)

ईडी५० म्हणजे जेवढ्यानं पेशींचा अर्धा कमाल परिणाम मिळतो तेवढं प्रोटीन, आणि सहसा तेवढ्यालाच एक युनिट धरतात. म्हणजे तुमच्याकडे ०.१ नॅनोग्रॅम = एक युनिट. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम, तर दहा लाखाला ०.१ नं भागा, एक कोटी युनिट प्रति मिलिग्रॅम. झालं गणित.

पण ते युनिट त्यांच्या पेशींवर, त्यांच्या हातचं. टीएनएफचं बहुधा एल९२९ या उंदराच्या पेशींवर मोजतात, तेही ॲक्टिनोमायसिन-डी घालून पेशी आधी हळव्या करून, त्यामुळे आकडा फार छान येतो, आणि तुमच्या पेशींना कदाचित शंभर पट लागेल. दोन कंपन्यांची युनिटं थेट तोलू नका, तोलायचीच असतील तर दोन्हीकडे एकाच आंतरराष्ट्रीय स्टँडर्डशी जुळवलेला आकडा आहे का ते शोधा. आणि काही झालं तरी स्वतःच्या पेशींवर एक डोस कर्व्ह काढा, सात-आठ डोस, दोन दिवसांचं काम आहे.

प्रश्न : जिममधल्या एका मित्रानं "रिसर्च यूज ओन्ली" लिहिलेलं ग्रोथ फॅक्टर ऑनलाइन मागवलंय. म्हणतो औषधातलं तेच लॅबमधलं, फक्त लेबल वेगळं. टोचून घेतलं तर? (काळजीत असलेला मित्र)

त्याला आजच थांबवा, हे उत्तर वाचून दाखवा. लेबल वेगळं नाही, वस्तूच वेगळी आहे. लॅबची नळी पेशींसाठी बनते, ती निर्जंतुक असेलच असं नाही, एंडोटॉक्सिन माणसाच्या शिरेत चालेल एवढं कमी असेलच असं नाही, बॅक्टेरियाची इतर प्रोटीनं पाच टक्के असली तरी लॅबमध्ये खपून जातं, आणि तिची माणसावर चाचणी कोणीच केलेली नसते. एलपीएस रक्तात गेलं तर ताप, थंडी, ब्लडप्रेशर कोसळणं, इथपर्यंत जाऊ शकतं.

आणि दुसरी गोष्ट जी लोकांना माहीतच नसते. बाहेरून आलेलं "आपलंच" प्रोटीन थोडं बिघडलेलं, गोळा झालेलं असेल तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं, आणि त्या अँटीबॉडी मग आपल्या अंगात बनणाऱ्या खऱ्या प्रोटीनलाही सोडत नाहीत. १९९८ नंतरच्या काही वर्षांत ईपीओच्या बाबतीत हे झालं, तेही रीतसर मंजूर झालेल्या औषधाच्या बाबतीत. किडनीच्या काही पेशंटमध्ये अशा अँटीबॉडी तयार झाल्या की लाल पेशी बनणंच थांबलं, औषध बंद केलं तरी. एवढ्या चाचण्यांतून गेलेल्या औषधात हे होऊ शकतं तर कुठल्या तरी नळीतल्या पावडरचा काय भरवसा. आधीच टोचून घेतलं असेल तर डॉक्टरकडे जाऊन खरं सांगायला सांगा, नळी सोबत न्यायला सांगा.

प्रश्न : फ्रीजरमध्ये दोन वर्षांपूर्वीचं एफजीएफ-२ सापडलं, तारीख उलटून गेलीये, नवीन मागवायला वेळ लागेल. स्टेम सेल्स तर वाट बघत नाहीत. वापरू? (फ्रीजर साफ करणारी)

पावडर आहे की विरघळवलेलं, हे लिहिलं नाहीत तुम्ही. न उघडलेली पावडर उणे २० किंवा उणे ८० ला नीट राहिली असेल तर तारखेनंतरही जिवंत असू शकते, विरघळवून दोन-तीनदा वितळवलेलं असेल तर मी त्याच्यावर स्टेम सेल्स सोपवणार नाही. एफजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर मुळातच नाजूक, ३७ अंशाला मीडियामध्ये, म्हणजे पेशींच्या खाद्यद्रवात, एका दिवसाच्या आत त्याची बरीचशी ताकद जाते, म्हणून तर रोज मीडिया बदलतात, हेपरिन सोबत असेल तर थोडं तग धरतं.

पावडर असेल तर एक व्हायल काढा, विरघळवा आणि मुख्य पेशींवर न टाकता एखाद्या दणकट फायब्रोब्लास्ट पेशींवर, थ्रीटीथ्री (३टी३) सारख्या, कमी सीरममध्ये टाकून बघा वाढतात का. दोन दिवसांत कळेल. तेवढ्यात नवीन मागवून ठेवा, आणि ते आलं की जुनं संपायच्या आधी दोन्ही शेजारी शेजारी एकाच प्लेटमध्ये चालवा, जुना लॉट डाव्या अर्ध्यात, नवा उजव्या अर्ध्यात. वहीत दोन्हीचे कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, कशात बनलंय, टॅग आहे का आणि बीएसए आहे का एवढं लिहून ठेवा, पेपरच्या मेथड्समध्ये तेच जसंच्या तसं उतरवायचंय.